सँडरलिंगचा उजवा पाय

“काय हो मिसेस टॉली, हे बसेल का?”

एवढुसा प्रश्न. पण हेटी यार्नोल्डच्या तोंडून तो निघाला मात्र, आणि टेबलाभोवती वाकलेले सात-आठ बाप्ये जिथल्या तिथे थिजले. एकाचा बेकन घातलेला पाव ओठांपाशीच अडकला. दुसऱ्याने हातातला ब्रेकचा ड्रम अंडं ठेवावं तसा हळूच खाली ठेवला. आणि तीन टेबलं पलीकडे, जुन्या टायरांच्या उतरंडीमागे, मार्नी आणि ओटिली एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून फिदीफिदी हसत होत्या.

पैज त्यांचीच होती. माल्व्हर्नच्या मैदानावर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार भरतो, आणि त्यात एनिड टॉलीचं टेबल म्हणजे जागृत देवस्थान. नवस बोला, पण नियमानं. टेबलाच्या पुढच्या फळीवर लाल रंगात ठसठशीत लिहिलेलं होतं : ‘हे बसेल का, असं विचारू नये. मोजून यावं.’ कुठला भाग कुठल्या गाडीला चालतो हे या बाईला जितकं ठाऊक होतं तितकं अख्ख्या परगण्यात कुणाला नव्हतं, पण न मोजता विचारणाऱ्याची ती अशी काही हजेरी घ्यायची की बस. एका निवृत्त कर्नलनं दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं म्हणे. त्यानं महिन्याभरात गाडी विकली आणि परसात टोमॅटो लावले.

वर्षभरापूर्वीची हेटी असती तर टायरांमागूनच घरी पळाली असती. तेव्हा दुकानात उरलेले सुटे पैसे मागायचे तरी ती आईला पुढे करायची. पण मार्चमध्ये शाळेच्या वादविवादात कुणीतरी आजारी पडलं, बाईंनी हिला ढकललं, आणि ही सहा मिनिटं सलग बोलली! वर टाळ्या पडल्या! तेव्हापासून हेटीला जो कंठ फुटला तो फुटलाच. सोळा वर्षं साठवलेलं सगळं ती आता एकदम बोलून घेत होती, असं तिच्या आईचं म्हणणं.

मिसेस टॉलींनी चष्म्यावरून बघितलं. एकोणऐंशी वर्षांची बाई, उंचीनं हेटीच्या हनुवटीला लागणारी, अंगात पुरुषी खाकी डगला आणि खिशात खडू.

“पाटी वाचता येते ना?”

“येते.”

“मग?”

“मैत्रिणींनी पैज लावली. म्हणाल्या, तुझी छाती होणार नाही.”

“कुठायत त्या?”

हेटीनं बिनदिक्कत टायरांकडे बोट दाखवलं.

“ए टायरांमागच्या भवान्यांनो!” मिसेस टॉलींचा आवाज मैदानाच्या कुंपणापर्यंत गेला असेल. “या इकडे! हिची हौस फिटेपर्यंत इथून हलायचं नाही. आणि तू गं? विचारलंस ना? मग उत्तरही तूच शोधायचंस. बस त्या खोक्यावर. काय आणलंयस ते काढ.”

हेटीनं पाठीवरची पिशवी उघडली आणि गोणपाटात गुंडाळलेला दांडा टेबलावर ठेवला. हातभर उंचीचा, काळपट, घडीव पोलादाचा दांडा. मधोमध चाकाचा आस बाहेर आलेला, एका अंगाला स्टिअरिंग जोडायचा हात, वर एक निमुळतं भोक, आणि खाली आटे. हे आटे पितळेच्या एका बैठकीत फिरवून बसवायचे, म्हणजे गाडीचं पुढचं चाक त्याच्यावर उभं राहतं आणि वळतं. गाडीवाले याला नुसतं ‘पाय’ म्हणतात. हेटीच्या बाबांच्या सँडरलिंगचा हा उजवा पाय, आणि त्याला मधून आरपार तडा गेलेला.

सँडरलिंग म्हणजे काय चीज! इव्हशॅमजवळच्या एका शेडमध्ये, एकोणीसशे साठच्या दशकात, एका माणसानं दोन मदतनीस घेऊन बनवलेल्या त्रेपन्न स्पोर्ट्स गाड्या. बुटक्या, लांब नाकाच्या, उभ्या असतानाही पळत असल्यासारख्या. आता त्यातल्या एकोणीस उरल्यात. बाबांची सहा वर्षं गॅरेजात लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, कारण हा उजवा पाय जगात कुठे मिळत नव्हता. आणि आता वेळ संपली होती. उद्या, रविवारी अकरा वाजता, नॉरफोकचे मिस्टर लार्टर ट्रेलर घेऊन येणार होते. त्यांना हवा होता फक्त पत्रा. नाक, दारं, मागचा भाग. बाकीचं ते कापून टाकणार होते. कापून! आईबाबांनी शब्द दिला होता. हेटी आठवडाभर घरात भांडली होती आणि हरली होती.

बाबा आजही सवयीनं बाजारात आले होते, सवयीनं तो दांडा आणला होता आणि सवयीनं हेटीच्या पाठीवर देऊन सँडरलिंगवाल्यांच्या क्लबातल्या मित्रांबरोबर चहाच्या तंबूत जाऊन बसले होते.

“सँडरलिंग?” मिसेस टॉलींनी भुवया उंचावल्या. “इतकी वर्षं टेबल मांडतेय, पण सँडरलिंगवाला एकही कधी माझ्याकडे फिरकला नाही. का गं?”

“कारण आमच्या गाडीचे पाय खास बनवून घेतलेत. क्लबाच्या पुस्तकात तसं छापलंय, पान एकतीस. ऑर्लेटन टेन नावाच्या साध्या घरगुती सलून गाडीचा पाय दिसायला तसाच असतो, पण चढत नाही. बाबांनी तीनदा लावून बघितला. आटेच वेगळे आहेत.”

“पुस्तक कुणी लिहिलं?”

“बाबांनीच.”

“हं.” बाईंनी तोंडातली गोळी या गालातून त्या गालात सरकवली. एवढ्यात मघाच्या बेकनवाल्यानं धीर करून एक गंजका तुकडा पुढे केला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. नुसता हातात घेतला, अंगठा फिरवला. “चाकाला धरणारा वरचा विशबोन, डावीकडचा. एकसष्टच्या आधीचा. कुणीतरी हातोड्यानं ठोकून सरळ केलाय, आणि ठोकणारा डावखुरा होता. घेऊ नकोस.” तुकडा परत. बेकनवाला धन्य होऊन निघून गेला.

हेटीचा आ वासलेला तसाच.

“तोंड मिट, माशी जाईल,” मिसेस टॉली म्हणाल्या. “यात जादू नाही. सोळाव्या वर्षी वुल्व्हरहॅम्प्टनच्या भट्टीत तपासणीला लागले. दिवसाला चारशे दांडे हातांखालून जायचे. बोटं शिकतात. घे व्हर्नियर.”

टेबलाखालून त्यांनी दोन खोकी ओढली. एकावर खडूनं R, दुसऱ्यावर L. दोन्हींत ऑर्लेटन टेनचे पाय, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

हेटीनं R लिहिलेल्या खोक्यातला एक उचलला आणि लगेच नाचायला लागली. “हे बघा! पोलादावर उठवलेला आकडा सारखाच आहे! सात-शून्य-चार!”

“आकडा वाचू नकोस!” बाई अशा ओरडल्या की मार्नी दचकून एक पाऊल मागे सरली. “तिथंच सगळे शहाणे गोते खातात. आकडा साच्याचा असतो, वस्तूचा नाही. एकाच साच्यातून निघालेला दांडा आम्ही पाच कारखान्यांना पाच तऱ्हांनी कातून द्यायचो. मी आणि माझी बहीण एकाच घरच्या, पण तिचा नवरा मला चालला असता का? मोज.”

ओटिली खुदकन हसली. तिला लगेच कामाला लावण्यात आलं; खडू तिच्या हातात, आकडे लिहायला फळी पुढ्यात. मार्नीला दांडे धरायला. आणि हेटी मोजायला लागली. आसाची जाडी. वरच्या भोकाचं निमुळतेपण. मधल्या चकतीवरच्या बोल्टांमधलं अंतर. आसापासून खालपर्यंतची लांबी. हेटी आकडा सांगायची, ओटिली लिहायची, आणि दर वेळी तुटक्याचा आणि सलूनवाल्याचा आकडा केसभरही वेगळा निघत नव्हता. शाळेत विज्ञानाच्या तासाला हेच व्हर्नियर हातात घेऊन तिनं जांभया दिल्या होत्या. आज तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

“आता आटे,” मिसेस टॉली म्हणाल्या. “दोन आट्यांतलं अंतर?”

“सारखं.”

“फिरतात कुठे?”

हेटीनं बोटाचं नख आट्यांच्या खाचेत धरून फिरवलं. R मधला घड्याळाच्या काट्यांसारखा जात होता. तुटका उलटा. “हे बघा, इथेच घोडं अडतं. बाबा म्हणतात तेच. आमच्या गाडीचे आटे खास उलटे पाडलेत. आणि स्टिअरिंगचा हातही बघा ना. सलूनचा मागे जातो, आमचा पुढे येतो.”

“बाबा म्हणतात ते बाबांना म्हणू दे. तुला काय दिसतं?”

आणि मग पंधरा मिनिटं काहीच दिसलं नाही. दोन्ही दांडे समोरासमोर, जसे एक माणूस आणि त्याचं आरशातलं रूप. सारखे, पण उलटे. मार्नीचे हात दुखायला लागले. “हेटी, पैज तू जिंकलीस, आता चल ना, भूक लागलीय,” ती कुरकुरली. मिसेस टॉली शांतपणे एका गिऱ्हाइकाला झापत होत्या.

ऊन वर आलं होतं आणि नेमकं हेटीच्या डोळ्यांत जात होतं. म्हणून ती खोक्यावरून उठली आणि टेबलाला वळसा घालून मिसेस टॉलींच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मार्नीनं तुटका दांडा तसाच धरून ठेवला होता. हेटीनं तो आता पलीकडून बघितला. इकडून बघताना आस डावीकडे आला. स्टिअरिंगचा हात मागे गेला.

ती थांबली.

तिनं L लिहिलेल्या खोक्यावर झडप घातली. पाठोपाठ तीन वर्तमानपत्रं टराटरा फाटली. L मधला पाय उचलून तिनं मार्नीच्या हातातल्या तुटक्या पायाशेजारी धरला. आस डावीकडे, आस डावीकडे. हात मागे, हात मागे. नख खाचेत घालून फिरवलं. उलटे आटे. उलटे आटे!

“हा उजवा नाहीच आहे!” ती एवढ्यानं किंचाळली की चहाच्या तंबूपाशी बांधलेलं कुणाचंतरी कुत्रं भुंकायला लागलं. “हा डावा आहे! सलूनचा डावा पाय, अर्धा वळवून आमच्या गाडीच्या उजव्या बाजूला लावलाय! म्हणून हात पुढे येतो! म्हणून आटे उलटे! खास नाही, काही नाही, हा डावाच आहे!”

मिसेस टॉलींनी गिऱ्हाइकाला अर्ध्यातच सोडलं. त्यांनी तुटका दांडा स्वतःच्या हातात घेतला, पहिल्यांदाच, आणि डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवला. आसामागच्या सपाट जागेवर तो थांबला. तिथे बोटभर पोलाद घासून गुळगुळीत केलेलं होतं.

“याबद्दल तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय?”

“ती कारागिराच्या हाताची खूण आहे. सँडरलिंगच्या प्रत्येक पायावर असते. क्लबाच्या बिल्ल्यावरसुद्धा काढलीय.”

बाई हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग चष्मा घसरला, मग त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. “कारागिराच्या हाताची खूण! अगं बये, इथं आम्ही अक्षर ठोकायचो. R नाहीतर L. मी स्वतः हजारो ठोकलीत. त्या शेडवाल्यानं ते घासून टाकलं गं! उजव्या चाकावर L दिसला असता तर गिऱ्हाईक दारातून पळालं असतं ना!” त्यांनी डोळे पुसले आणि मग दांड्याकडे अशा बघत राहिल्या, जसं जत्रेतल्या एखाद्या पठ्ठ्या पैलवानाकडे बघावं. “पण डोकं बघ त्या माणसाचं. गाडी एवढी बुटकी केली, इंजिन मागे सारलं, मग स्टिअरिंगची दांडी जायची कुठून? पुढून. त्यासाठी नवा पाय घडवायचा तर साचाच हवा, आणि साचा करायचा तर शेड विकायला लागली असती. म्हणून या गड्यानं डावा उचलून उजवीकडे ठेवला आणि उजवा डावीकडे. बस! त्रेपन्न गाड्या! आणि तुम्ही सगळे मोठी माणसं साठ वर्षं त्याच्या घासलेल्या जागेला नमस्कार करताय.”

“पण मग कुणीच L लावून कसा नाही बघितला?” ओटिलीनं विचारलं.

“उजव्या पायात डावा जोडा कोण घालून बघतो?” मिसेस टॉलींनी L मधला सर्वांत चांगला पाय निवडला, नव्या कागदात गुंडाळला आणि हेटीच्या हातांत दिला. “घेऊन जा. मोजलेलं खरं, पण फिरवून आत गेलेलं जास्त खरं. गेला तर येऊन सांग. नाही गेला तर येऊन सांग. आणि ऐक.” त्यांनी आवाज खाली आणला. “माझ्या टेबलापाशी पुष्कळ लोक मोजतात. उठून पलीकडून बघणारे मी आजवर तीन पाहिले. तू तिसरी.”

हेटी चहाच्या तंबूपर्यंत गेली ती पळत नाही, तरंगत.

तंबूत बाबा आणि क्लबाचे सेक्रेटरी मिस्टर प्रॉसर यांच्यापुढे चहा निवत होता. मिस्टर प्रॉसर म्हणजे पांढऱ्या मिशा, कोटावर क्लबाचा बिल्ला, आणि सँडरलिंगबद्दल बोलताना देवघरात असल्यासारखा आवाज. हेटीनं कागद सोडला, दांडा दोन कपांच्या मधे ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

बाबांनी दांड्यावरचं अक्षर बघितलं. “हेट्या, L म्हणजे डावा गं.”

“तेच तर सांगतेय!”

“वा, वा,” मिस्टर प्रॉसर मिशीतून हसले. “म्हणजे आमच्या राणीला सलूनचा पाय? आणि तोही वाकडा लावलेला? ऑर्लेटनची तर पाववाल्यांची व्हॅनपण निघायची. उद्या म्हणशील, आमची गाडी पाववाल्याच्या पायांवर उभी आहे.”

“हो! तशीच आहे!”

शेजारच्या टेबलावरचे चार जण हसले. बाबांच्या मानेवर लाली चढली. ते रस्तेखात्यात नकाशे तपासायचे. चूक शोधणं हेच त्यांचं काम. “घरी बोलू,” ते म्हणाले. त्यांनी दांडा पुन्हा कागदात गुंडाळला आणि ते उठले.

पण घरी पोचल्यावर बोलणं झालं नाहीच. बाबांनी गवत कापायचं यंत्र काढलं आणि कालच कापलेलं गवत पुन्हा कापायला घेतलं. मार्नी आणि ओटिली आपापल्या घरी गेल्या होत्या. हेटीनं सरळ गॅरेजचं दार वर उचललं. आत सँडरलिंग होती, निळी, धुळकट, नाक खाली घालून. डावीकडे चाक, उजवीकडे नुसती पितळी बैठक, रिकामी.

“आई! ये ना जरा! दांडा धरायला कुणीतरी हवंय!”

आई हात पुसत आली. “मला यातलं ओ की ठो कळत नाही हं.”

“कळायची गरजच नाही. नुसता सरळ धर. जड आहे.”

आईनं धरला. ती परिचारिका होती, वजन कसं धरायचं ते तिला शिकवावं लागत नव्हतं. हेटी जमिनीवर उताणी झाली, बैठकीत तेल सोडलं आणि खालून चाचपायला लागली.

“तुला वाटत असेल ना, आई किती दुष्ट, गॅरेजसाठी गाडी विकायला काढली,” आई वरून म्हणाली.

“थोडं वाटतं.”

“गॅरेज गेलं खड्ड्यात. दर रविवारी तुझा बाबा इथे शीळ घालत शिरतो आणि दोन तासांनी खांदे पाडून बाहेर येतो. सहा वर्षं. मला ते बघवत नाही गं.”

“जरा डावीकडे घे. अजून. थांब!” हेटीनं खालून आटे बैठकीच्या तोंडाशी आणले. “आता तू फिरव. उलट्या बाजूला. झाकण उघडताना फिरवतो तसं.”

आईनं फिरवलं. किर्र असा बारीक आवाज झाला. आणि पहिला आटा पकडला.

एकदा पकडला की तो असा काही आत जायला लागला, लोण्यात सुरी जावी तसा. एक फेरा. दुसरा. तिसरा. आई मोजत होती, हेटी मोजत होती, दोघींचे आकडे चुकत होते आणि दोघी हसत होत्या. बाहेर यंत्राचा आवाज कधी बंद पडला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. हेटीनं मान वळवली तर गाडीखालून बाबांचे बूट दिसले, गवताची पाती चिकटलेले.

“बाबा, शेवटचे दोन फेरे राहिलेत,” ती म्हणाली. “तू फिरव.”

बाबा गुडघ्यांवर बसले. त्यांनी दांडा हातात घेतला, दोन फेरे आत नेला, टेकल्यावर अर्धा फेरा मागे घेतला, पुस्तकात लिहिलंय तसा. वरचा सांधा जोडला. मग स्टिअरिंगच्या दांडीचं टोक उचलून दांड्याच्या पुढे आलेल्या हाताशी नेलं. भोकावर भोक आलं. त्यांनी बोल्ट नुसता वरून सोडला आणि तो स्वतःच्या वजनानं अलगद खाली उतरला.

हेटी गाडीत चढून बसली आणि तिनं स्टिअरिंगचं चाक फिरवलं. सहा वर्षांत पहिल्यांदा उजवी बाजू डावीबरोबर वळली. डावीकडे, उजवीकडे, आणि पुन्हा डावीकडे. बाबा तिथेच जमिनीवर बसून ते वळणं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की आईनं हातातली चिंधी त्यांच्या डोक्यावर टाकली.

“पाववाल्याची व्हॅन,” बाबा म्हणाले. “शाब्बास रे पठ्ठ्या. काय डोकं चालवलंयस.” हे त्या शेडवाल्याला होतं. मग ते हेटीकडे वळले. “आणि तू? तुला कसं सुचलं?”

“उन्हामुळे. पलीकडे जाऊन उभी राहिले.”

बाबा हसले, आणि मग हळूहळू ते हसू विरलं. ते उठले, फळीवरून क्लबाचं पुस्तक काढलं आणि एकतिसावं पान उघडलं. ‘हा भाग दुसऱ्या कोणत्याही गाडीचा चालत नाही.’ खाली त्यांचंच नाव.

“हे वाचून दोघांनी गाड्या मोडल्या,” ते म्हणाले. “मला फोन करून विचारलं होतं त्यांनी. मीच म्हणालो, उपाय नाही. आणि हे लार्टर. त्यांच्याकडे दोन पडून आहेत, दोन्ही याच पायासाठी. म्हणून तर ते आपला पत्रा काढून न्यायला येतायत, त्या दोन निदान बघण्यासारख्या तरी दिसाव्यात म्हणून.” त्यांनी पुस्तक मिटलं. “आता त्यांना काय तोंड दाखवू? शब्द दिलाय. आणि प्रॉसर तर... हे आत्ताच कुणाला नको सांगायला. आधी नीट पडताळून बघू. वर्षभर चालवून बघू.”

“उद्या अकराला माणूस दारात येतोय,” आई म्हणाली. “वर्षभराचं काय घेऊन बसलायस?”

“म्हणूनच म्हणतो, त्यांना फोन करून काहीतरी सांगू. तब्येत बरी नाही म्हणू.”

हेटी गाडीतून उतरली. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, केसांत तेल होतं, एका गालावर खडू. बाबा चुकले म्हणून तिला राग नव्हता आला. एवढी मोठी गाडी पाच मापांत आणि एका वळशात तिला कळली होती, आणि हे जगातल्या बाकीच्या अठरा गाड्यांच्या मालकांना कळू नये, ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती.

“दोघं ऐका,” ती म्हणाली. “माझं ठरलंय. उद्या मिस्टर लार्टर आले की दार मी उघडणार. तब्येतबिब्येत काही सांगायची नाही. आधी त्यांना इथे आणून हे चाक वळवून दाखवणार, मग त्यांच्या दोन गाड्यांना कुठल्या खोक्यातले पाय लागतील ते सांगणार, आणि मग आपली गाडी विकायची नाही म्हणून सांगणार. त्यांना राग आला तर येऊ दे, मी बघून घेईन. आणि एकतिसावं पान मी नव्यानं लिहिणार, मापांसकट, आज रात्रीच्या आत. खाली माझं नाव आणि मिसेस टॉलींचं. बाबा, तू फक्त जुन्या पानावर स्वतःच्या हातानं काट मारायचीस आणि सोमवारी क्लबातल्या सगळ्याच्या सगळ्या मालकांना ते पाठवायचंस. मिस्टर प्रॉसरना सगळ्यांत आधी.”

आई काहीतरी बोलणार होती.

“नाही आई, विचारत नाहीये मी,” हेटी म्हणाली. “सांगतेय.”